आजोबांचे चित्ते आणि विस्कॉन्सिनची हरणं

आम्ही बडोद्याचे. आजोबा संस्थानात चित्त्यांकडे कामाला होते. काळविटांच्या शिकारीवर चित्ते सोडत, ते अभिमानाने सांगायचे.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे विस्कॉन्सिनला होतो. शेजारी रोज संध्याकाळी वीस यार्डांवरून फोमच्या ठोकळ्यावर बाण मारायचा, मचाणाचे पट्टे तपासायचा. हंगाम मात्र सप्टेंबरच्या मध्याला! विचारलं, एवढी तयारी कशाला? म्हणाला, "काका, नेम चुकला तर जनावर तडफडतं."

मग इतिहास वाचला. १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीने अमेरिकेत ही पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाख उरली होती. पुढे परवाने आले, हंगाम ठरले. १९३४ साली विस्कॉन्सिनने दोन जिल्ह्यांत धनुष्यबाणाचा हंगाम सुरू केला. १९३७ च्या कायद्याने बंदूक-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखला. आज हरणं कोटींत आहेत.

आपल्याकडे शिकारीचे चित्ते रानातून धरून आणत, कारण कैदेत ते सहसा वीत नसत. १९५२ साली चित्ता नामशेष जाहीर झाला. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ ला. आयुष्यभर बँकेत खाती जुळवली. आजोबांच्या या खात्यावर मात्र बाकी निघते, आणि ती भरायला आता कोणी नाही.