वाशीचं मार्केट, न्हावा शेवाचा कंटेनर आणि लिनक्सचं पॅकेज

आज आपण एका तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. लिनक्सवर कमांड टाइप करून चालवायचं एखादं साधन तयार झालं, तर ते लोकांपर्यंत कोणत्या पॅकेजमधून पोहोचवायचं? आमचं शिक्षण तत्त्वज्ञानातलं; तेव्हा यात आमचं काय काम, असं कोणी विचारेल. पण या निवडीत जबाबदारीचा प्रश्न आहे, आणि मराठीचाही आहे.

उदाहरण घेऊ टेसेरॅक्टचं. छापील पानाचं चित्र दिलं की हे साधन त्यातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करतं. जुन्या मराठी ग्रंथांची स्कॅन केलेली पानं आपण वाचू शकतो, पण त्यात एखादा शब्द शोधता येत नाही. ते शक्य होतं अशा साधनामुळे. १९८५च्या सुमारास ह्युलेट-पॅकार्डमध्ये याचं काम सुरू झालं, २००५ साली ते मुक्त झालं आणि पुढं गूगलनं त्याला आधार दिला. २०१५च्या ३.०४ आवृत्तीबरोबर मराठीची माहिती आली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टेसेरॅक्टचे दोन भाग असतात. एक इंजिन, आणि दुसरी त्या-त्या भाषेची शिकवलेली फाइल. मराठीची फाइल नसेल तर इंजिन कितीही चांगलं असो, मराठी पान त्याला वाचता येत नाही. मग ती फाइल आणायची कोणी? पॅकेजचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

सुरुवातीचं उत्तर सोपं होतं: ज्याचं त्यानं आणावं. टारबॉल नावाचं गाठोडं मिळायचं; ते सोडायचं, कंपाइल करायचं, काही कमी पडलं तर शोधत बसायचं. १९९३ साली स्लॅकवेअर आलं, त्याची पॅकेजेसही अशी साधी गाठोडीच होती. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकानं अंकाबरोबर स्लॅकवेअरची सीडी दिली, आणि आपल्याकडच्या कितीतरी लोकांची लिनक्सशी पहिली ओळख तिथं झाली. पण एका पॅकेजला दुसरं काय लागतं, हे त्या गाठोड्यावर लिहिलेलं नसे.

दुसरं उत्तर डेबियन आणि रेड हॅट यांनी दिलं. डेबियनही १९९३चंच, रेड हॅटचं आरपीएम १९९५च्या आसपासचं. डेबियनची डेब फाइल उघडून बघा. आत तीन वस्तू असतात: फाइलचा नमुना सांगणारी एक छोटी नोंद, पॅकेजची माहिती आणि प्रत्यक्ष माल. त्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं असतं की याला आणखी काय-काय लागतं. १९९८ साली एपीटी आलं, आणि लागणाऱ्या गोष्टी आपोआप येऊ लागल्या.

इथं एक नवा माणूस उभा राहिला, मेंटेनर. आपल्या वाशीच्या मार्केटात मापाडी असतो ना, तसा. माल त्याचा नाही, गिऱ्हाईकही तो नाही. पण मधे उभा राहून माप नीट आहे का ते तो बघतो. डेबियनच्या मेंटेनरांनी टेसेरॅक्टच्या प्रत्येक भाषेचं वेगळं पॅकेज केलं. त्यात मराठीचं आहे, फेडोरातही आहे. एक कमांड दिली की मराठी हजर.

मग तिसरं उत्तर आलं, आणि त्याची उपमा आपल्या दारातच आहे. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅकलीननं ५८ कंटेनर एका जहाजावर चढवून पाठवले. १९८९ मध्ये आपलं न्हावा शेवा बंदर सुरू झालं. गोणी प्रत्येक टप्प्यावर माथाडीच्या पाठीवरून जाते. कंटेनर भरून, सील करून थेट पोचतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी हाच विचार उचलला. २०१३ साली डॉकर आलं, पुढं स्नॅप आणि फ्लॅटपॅक. अ‍ॅपइमेजची कल्पना तर त्याहून जुनी. लागेल ते सगळं एकाच पेटीत भरा, मधला माणूस नको.

पण पेटीत काय भरायचं, हे पेटी भरणारा ठरवतो. टेसेरॅक्टच्या अधिकृत मार्गदर्शिकेत अ‍ॅपइमेजमधल्या भाषांची यादी दिलेली आहे: जर्मन, इंग्रजी, फिनिश, फ्रेंच, पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश. मराठी नाही, हिंदीही नाही. स्नॅपबद्दल तिथंच म्हटलं आहे की भाषेच्या फाइली सोबत येत नाहीत, त्या हातानं योग्य फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात. म्हणजे मराठी वाचकापुरतं आपण पुन्हा गाठोड्याच्या काळात गेलो. यात कोणाचा द्वेष नाही. मापाडी काढला, की त्याचं काम कोणाकडे गेलं, हे कोणी विचारलं नाही, इतकंच.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मेंटेनर सावकाश चालतो. उबंटू १६.०४ मध्ये टेसेरॅक्टची ३.०४ होती. २०१८ साली ४.० आली, ती अख्खी ओळ एकत्र वाचते. आपली शिरोरेषा आणि जोडाक्षरं बघता हा फरक मोठा आहे. पण जुन्या उबंटूवर राहिलेल्याला भांडारातून ती मिळत नव्हती. अशा वेळी पेटीच उपयोगी पडते.

मग निवडायचं काय? आमचं मत असं. फ्लॅटपॅक मुख्यतः खिडक्या उघडणाऱ्या अ‍ॅप्ससाठी आहे, कमांडच्या साधनाला ते अवघडच जातं. आपल्याकडं सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवर उभं आहे, उबंटूही डेबियनवरच. तेव्हा मराठीसाठी साधन करणाऱ्यानं आधी डेब करावं, भाषेची फाइल वेगळं पॅकेज म्हणून द्यावी आणि ती लागते हे माहितीत लिहावं. नंतर हवं तर एका फाइलची पेटीही द्यावी, पण मराठी आत भरून. त्या सी-डॅकचं एक कार्यालय इथं खारघरलाच आहे. त्या परिसरात शिकणाऱ्या मुलांनी हे काम हाती घ्यायला काहीच हरकत नाही.

आणि पेटी बांधून झाली की एका कोऱ्या मशीनवर ती बसवा. टेसेरॅक्टला त्याच्याकडच्या भाषांची यादी विचारा. त्या यादीत मराठी दिसली, तरच माल पोचला असं समजा.