वाटेचे सोबती

आपल्या जुन्या समाजांत एकट्यानें दूरच्या प्रवासास निघणें हें वेडाचें अथवा वैराग्याचें लक्षण समजलें जाई. यात्रेस जावयाचें म्हणजे मुहूर्त पाहावयाचा, आणि त्याच्याही आधीं सोबत पाहावयाची. चोर, पटकी, नद्यांचे पूर आणि परक्या मुलुखांतील परकी भाषा यांच्याशीं गांठ पडावयाची असल्यामुळें सोबती हा शिध्याइतकाच आवश्यक असे. परंतु प्रवासाच्या ज्या हकीकती आपल्यापर्यंत पोंचल्या आहेत त्या बहुतेक एकाच्याच तोंडच्या आहेत. दोघांनीं चाललेली वाट एकानेंच सांगितलेली असते. दुसऱ्याचें काय झालें, त्या वाटेनें तो कसा पालटला, आणि घरीं परतल्यावर त्या दोघांनीं एकमेकांस कशाकशाची आठवण करून दिली असेल, हा प्रश्न इतिहासकार सहसा विचारीत नाहीं. तो विचारण्याजोगा आहे. कारण साऱ्या साहसाचें खरें फळ पुष्कळ वेळां तेथेंच सांपडतें.

मराठींत या विषयाचा आरंभ ज्ञानदेव-नामदेवांपासून करावा लागतो. नामदेवांच्या नांवावरील तीर्थावळीच्या अभंगांत या दोघांनीं बरोबर केलेल्या यात्रेचें वर्णन आहे. पंढरी सोडून जाण्यास नामदेवांचें मन होईना. ज्ञानदेवांनीं त्यांची सोबत मागून घेतली. मारवाडांतील खोल विहिरीची कथा आपल्याकडे मुलांनाही ठाऊक आहे. ज्ञानदेव योगबळानें सूक्ष्म होऊन तळाशीं गेले व तहान भागवून आले. नामदेवांनीं विठ्ठलास हांक मारली आणि विहीर कांठोकांठ भरून वाहूं लागली. कथेंतील चमत्कार बाजूस ठेवला तरी तिच्यांतील मर्म उरतेंच. एकाच तहानेनें व्याकुळ झालेले दोन सोबती दोन निराळ्या मार्गांनीं पाणी पितात, आणि दुसऱ्याचा मार्ग पाहिल्यावांचून आपला मार्ग कोणता हें त्यांतील एकासही नीट कळत नाहीं.

संतांच्या यात्रेंतून व्यवहाराच्या यात्रेकडे वळलें कीं कोंकणाची आठवण होते. आज मुंबई-गोवा महामार्गानें खेड सोडून दक्षिणेस निघालें म्हणजे लोटे लागतें. तेथें आतां रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तेथून पुढें परशुरामाचा घाट उतरला कीं खालीं वाशिष्ठी आणि चिपळूण. आणि चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढला कीं देश. या टापूंतील माणसाच्या पायांना चढ जन्मतःच ठाऊक असतो. भात थोडें आणि माणसें फार, अशी स्थिति असल्यामुळें शतकानुशतकें येथील मुलगे घाटावर गेले. कोणी वेदविद्येच्या बळावर, कोणी लेखणीच्या, कोणी तरवारीच्या.

या जाणाऱ्यांत श्रीवर्धनचे भट आणि वेळासचे भानू यांची जोडी इतिहासप्रसिद्ध आहे. बाळाजी विश्वनाथ भट हे १७१३ सालीं पेशवे झाले, आणि भानूंचा उत्कर्ष त्यांच्याबरोबरच झाला. पुढें बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेबरोबर दिल्लीस गेले तेव्हां बाळाजी महादेव भानू त्यांच्या संगतीस होते. १७१९ सालीं दिल्लींतील दंग्यांत भानू मारले गेले. पेशवे चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परत आले, सोबती मात्र तेथेंच राहिला. या बाळाजी महादेवांचा नातू म्हणजे नाना फडणीस. विशीही न उलटलेले नाना आईला घेऊन भाऊसाहेबांच्या सैन्याबरोबर उत्तरेस गेले, आणि १७६१ च्या जानेवारींत पानिपताहून जीव घेऊन परतले. आई परत आली नाहीं. नानांनीं आपल्या लहानशा आत्मचरित्रांत ही पळापळ सांगितली आहे. राजकारणांत कोणावर सहसा विश्वास न टाकणारे जे नाना पुढें आपल्याला दिसतात, त्यांची घडण त्या वाटेवर झाली नसेल असें कोण म्हणेल? आजोबा दिल्लीस गेले, नातू पानिपतावर गेला. एकाची हकीकत सांगावयास तो स्वतः उरला नाहीं, दुसऱ्याजवळ आठवणी ताडून पाहावयास आईच उरली नाहीं.

परंतु दोन सोबती बरोबर गेले, बरोबर संकटांत सांपडले आणि त्यांच्या वाटेची सविस्तर हकीकत मागें राहिली, असें उदाहरण पाहावयाचें तर विष्णुभट गोडसे व त्यांचे काका रामभट यांच्याकडेच यावें लागतें. गोडसे भटजी कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील पेणजवळच्या वरसईचे. घरीं दारिद्र्य आणि कर्ज. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असें वर्तमान आलें, तेव्हां दक्षिणेच्या आशेनें पुतण्या निघाला आणि काका त्याच्या सोबतीस निघाले. तें साल १८५७. हेतु अगदीं साधा होता: चार पैसे मिळवावे, कर्ज फेडावें, जमल्यास तीर्थें घडावीं.

सातपुडा ओलांडून महूच्या आसपास आल्यावर त्यांस शिपाई भेटले आणि होऊं घातलेल्या बंडाची कुणकुण त्यांच्याकडून लागली. परत फिरावें कीं पुढें जावें, हा प्रश्न ज्या रात्रीं त्यांच्यापुढें आला असेल तेव्हांच त्यांच्या सोबतीची खरी परीक्षा झाली. एकटा माणूस अशा वेळीं बहुधा परत फिरतो. दोघे असले म्हणजे एकाचें भय दुसऱ्याच्या धीरानें झांकलें जातें, आणि दुसऱ्यालाही आपला धीर खरा कीं उसना हें कळण्यास अवसर राहात नाहीं. ते पुढें गेले. यज्ञ राहिला बाजूला आणि ते एका निराळ्याच होमाचे साक्षी झाले.

१८५८ च्या मार्च महिन्यांत सर ह्यू रोझची फौज झांशीपुढें येऊन थडकली तेव्हां हे काका-पुतणे शहरांतच होते. तात्या टोपे मदतीस आले, पण १ एप्रिल रोजीं बेटवेच्या कांठीं त्यांचा मोड झाला. ३ एप्रिलला गोरे लोक तटावरून आंत शिरले, आणि पाठोपाठच्या रात्रीं राणी लक्ष्मीबाई किल्ला सोडून निघून गेल्या. मग शहरांत जी कत्तल आणि लूट झाली ती गोडसे भटजींनीं लिहून ठेविली आहे. लपून राहणें, घरांत शिरलेल्या शिपायांपुढें हात जोडून उभें राहणें, जवळ असेल तें काढून देणें, रस्त्यांतून जळक्या प्रेतांचा वास सोसणें, आणि राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहाचा नाश झालेला पाहणें. पोथ्यांवर उपजीविका करणाऱ्या भिक्षुकास या शेवटच्या गोष्टीचें दुःख माणसांच्या मरणाखालोखाल झालें, यांत नवल नाहीं.

याच तटाच्या बाहेर त्याच दिवसांत दुसरा एक प्रवासी होता. टॉमस लो हा मद्रास सॅपर्स पलटणीबरोबरचा डॉक्टर. त्यानें या मोहिमेवर लिहिलेलें पुस्तक १८६० सालींच लंडनांत प्रसिद्ध झालें. तटाबाहेरच्याला दोन वर्षांत छापखाना मिळाला. तटाआंतल्याची हकीकत छापून निघण्यास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. जो जिंकतो त्याच्या आठवणी लवकर छापल्या जातात, हा इतिहासलेखनांतील नित्याचा अन्याय आहे. परंतु जिंकलेल्याच्या आठवणींत त्याचें स्वतःचें पालटणें क्वचितच सांपडतें, कारण पालटण्याची गरज त्याला पडलेलीच नसते.

गोडसे भटजींस ती पडली. त्यांच्या पुस्तकांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग काल्पीच्या वाटेवरचा. झांशींत ज्या राणीचें वैभव पाहिलें, तीच राणी पठाणी पोषाखांत, धुळीनें माखलेली, तहानलेली अशी एका विहिरीपाशीं त्यांस भेटली. भटजी पाणी काढूं लागले तेव्हां, आपण विद्वान् ब्राह्मण, आपण काढूं नये, असें सांगून तिनें स्वतः पाणी काढलें आणि ओंजळीनें प्यालें. राजा देणारा आणि भिक्षुक घेणारा, या समजुतीवर ज्याचें सारें आयुष्य उभें होतें त्या माणसापुढें देणारीच रिकाम्या हातांनीं उभी होती. आणि तशा स्थितींतही ती त्याचा मान राखीत होती. त्या क्षणीं त्याच्या मनांतील राजवैभवाचें चित्र कायमचें बदललें असावें. पंचवीस वर्षांनीं लिहावयास बसल्यावरही ती विहीर त्यांच्या डोळ्यांपुढें जशीच्या तशी उभी राहिली, हा त्याचा पुरावा होय.

पुढें तीर्थें झालीं, दक्षिणा मिळाली, ती लुटलीही गेली. शेवटीं भटजी घरीं आले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. ज्या कर्जासाठीं घर सोडलें त्याचा हिशेब या प्रवासानें जुळला नाहीं. आईवडिलांना गंगोदकाचें स्नान मात्र घडलें. धन आणावयास गेलेला मुलगा पाणी घेऊन येतो, आणि कोणासही तें उणें वाटत नाहीं, एवढा पालट त्या वाटेनें घडविला.

या साऱ्यांत रामभटांचें काय झालें असेल? पुस्तकभर ते बरोबर आहेत, पण कथा पुतण्याची आहे. घरीं काका हे वडीलधारे. त्यांच्यापुढें पुतण्यानें खालीं मान घालून बोलावयाचें. परंतु ज्यांनीं एकाच अंधारांत बसून दारावरच्या बुटांचे आवाज ऐकले, त्यांच्यांतील तो घरचा अंतराय पूर्वींसारखा राहणें शक्य नसतें. एकमेकांचें भय पाहिलेलीं माणसें पुढें एकमेकांशीं फारसें न बोलतांही समजून घेतात. वरसईस परतल्यावर पावसाळ्याच्या संध्याकाळीं ओटीवर या दोघांपैकीं एकानें झांशीचें नांव काढावें आणि दुसऱ्यानें नुसती मान हलवावी, असें पुष्कळदां झालें असेल. गोडसे भटजींच्या कथनांत जो ओघ आहे तो एकाएकीं आलेला नाहीं; अनेकदां सांगून, ऐकून आणि सोबत्याच्या आठवणीशीं ताडून तो तयार झालेला असावा.

त्या स्मरणांत चुका नाहींत असें नाहीं. इंग्रजांनीं धर्म बुडविण्यासाठीं ८४ कलमें तयार करून राजेरजवाड्यांपुढें ठेविलीं, अशी एक हकीकत पुस्तकांत आहे. ती ऐकींव बातमी होय, इतिहास नव्हे. परंतु अशा बातम्या वाटेवर कशा पसरत होत्या आणि लोक त्यांवर कसा विश्वास ठेवीत होते, याचा तो अस्सल पुरावा आहे. अभ्यासकानें दोन रकाने आंखावे: एक पाहिलेल्याचा, एक ऐकलेल्याचा. पाहिलेल्याच्या रकान्यांत या भिक्षुकाची साक्ष मोठमोठ्या खलित्यांच्या तोडीची आहे.

ही साक्ष आपल्याला मिळाली ती मात्र योगायोगानें. वैद्य घराण्याशीं गोडसे भटजींचा उपाध्येपणाचा संबंध होता. १८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्य यांनीं त्यांना हें सारें लिहून काढण्यास सांगितलें. वैद्यांचें वय त्या वेळीं सुमारें बावीस वर्षांचें. इंग्रजी अंमलाचें भय असल्यामुळें पुस्तक लेखकाच्या हयातींत निघालें नाहीं. ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झाला तो १९०७ सालीं, आणि तोही वैद्यांनीं भाषेवर व मजकुरावर हात फिरविल्यानंतर. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळांत सुरक्षित राहिलें म्हणून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांना १९६६ सालीं गोडसे भटजींचे मूळ शब्द वाचकांपुढें ठेवतां आले. विचारणारा एक तरुण आणि कागद जपणारी एक संस्था, एवढ्या दोन धाग्यांवर हें पुस्तक लोंबकळत होतें.

ज्यांना हे धागे लाभले नाहींत त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. पहिल्या महायुद्धांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. त्यांतील अनेक शिपाई या रत्नागिरीच्याच मातीचे. कूट-अल्-अमारा येथें १९१५ च्या डिसेंबरापासून वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० लोकांनीं तुर्कांपुढें हत्यार ठेविलें. मग वाळवंटांतून कैद्यांची पायपीट झाली. वाटेवर आणि छावण्यांत हजारों मेले. सेनापति टाउन्शेंडचें पुस्तक १९२० सालीं निघालें. परंतु उपासमारीच्या वेळीं घोड्याचें मांस खावें कीं धर्म राखावा, या प्रश्नावर रात्रभर एकमेकांशीं बोललेले जे सोबती होते, त्यांच्या आठवणी ज्याच्या त्याच्या खळ्यांतच राहिल्या. ते परत आले, भात लावलें, मुलांचीं लग्नें केलीं. त्यांच्यांत काय पालटलें हें त्यांच्या सोबत्यालाच काय तें ठाऊक, आणि तो सोबती दुसऱ्या गांवीं राहात होता.

म्हणून स्मरण ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे. दोन सोबती बसून जुनी वाट आठवतात तेव्हां दोन साक्षी एकमेकांस तपासतात. एकाची अतिशयोक्ति दुसरा सुधारतो, एकाचें विस्मरण दुसरा भरून काढतो. त्यांतील एक गेला कीं उरलेल्याची साक्ष एकाकी होते, आणि दोघे गेले कीं वाटच पुसली जाते. आज प्रवास सुलभ झाला आहे, घाट तासाभरांत उतरतो, आणि चित्रें तर प्रत्येकाच्या खिशांत आहेत. पण चित्रांत मुक्काम दिसतो, माणसाचें पालटणें दिसत नाहीं. तें विचारावेंच लागतें. आपल्या घरांतील ज्या वडीलधाऱ्यांनीं बोटीनें, पायीं, पलटणींतून किंवा पोटासाठीं दूरच्या वाटा तुडविल्या, त्यांना, आणि शक्य असेल तर त्यांच्या सोबत्याला शेजारीं बसवून, वैद्यांनीं गोडसे भटजींना जें विचारलें तें विचारण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं. एक वही लागते, आणि वेळेवर विचारण्याची बुद्धि लागते.