डिक्कीत अडकलेल्या सहा तबकड्या

ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला आणि अहमदपूर तालुका नव्या जिल्ह्यात गेला. त्याच महिन्यात जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेन येथील पॉलिग्रामच्या कारखान्यात विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी तयार झाल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही सत्तावीस वर्षांनी, २००९ च्या उन्हाळ्यात, अहमदपुरातल्या एका पत्र्याच्या दुकानासमोर मामांच्या मोटारीची डिक्की उघडून आम्ही उभे होतो, तेव्हा मला या दोन्ही गोष्टी एकदम आठवल्या. इतिहास शिकवणाऱ्या माणसाची ही खोडच असते.

मामांची गाडी जुनी, पुण्याहून दुसऱ्या हाताने घेतलेली. तिच्या डिक्कीत आधीच्या मालकाने बसवलेला सहा तबकड्यांचा सीडी चेंजर होता. तो आठवड्यापूर्वी अडकला होता. गाणे लागेना, तबकड्या बाहेर येईनात. डेकवर नुसती चुकीची खूण उघडझाप करी. मामांनी बटण दाबून पाहिले, ड्रायव्हरने बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली, शेजाऱ्याने चेंजरला दोन चापट्या मारल्या. आत अडकलेल्या सहांपैकी पाच तबकड्या बाजारात पुन्हा मिळाल्या असत्या. सहावी मिळणार नव्हती. तिच्यावर आप्पांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, भजन होते.

मराठवाड्यातल्या यंत्रांचा इतिहास आपण बहुधा आगमनाचा इतिहास म्हणून लिहितो. पहिली एसटी कधी आली, वीज कधी आली, पहिला दूरचित्रवाणी संच कोणाच्या वाड्यात लागला. आल्यानंतर ते यंत्र कसे चालले, केव्हा बंद पडले आणि कोणी पुन्हा चालू केले, याची नोंद गॅझेटिअरमध्ये सापडत नाही. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात शोधांपेक्षा वापराकडे आणि देखभालीकडे पाहा, असा आग्रह धरला. अहमदपूरसारख्या गावाला तो आग्रह फार लागू पडतो, कारण इथे बरीच यंत्रे आली तीच मुळी जुनी होऊन.

धावत्या गाडीत तबकडी वाजवण्याची हौस सीडीपेक्षा बरीच जुनी आहे. १९५६ च्या मॉडेलांपासून क्रायस्लर कंपनीने ‘हायवे हाय-फाय’ नावाचा रेकॉर्ड प्लेअर मोटारीत दिला. तबकडी सात इंचांची, फिरण्याचा वेग मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे. खाचेतली सुई खड्ड्यात उडू नये म्हणून तिच्यावर जास्त भार दिलेला. प्रकार काही वर्षांतच गुंडाळला गेला. पुढे १९६० च्या सुमारास त्याच कंपनीच्या गाड्यांत आरसीएचे चौदा तबकड्या एकापाठोपाठ वाजवणारे यंत्र आले. मोटारीतला चेंजर इथून सुरू होतो. सुईचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. तो सोडवला चुंबकीय फितीने. फिलिप्सची छोटी कॅसेट १९६३ ची. तिला धक्क्याचे फारसे वावडे नसते.

आपल्याकडे मोटारीतले संगीत म्हणजे कॅसेटच. अँबॅसॅडर असो की पद्मिनी, डेक बाजारातून बसवून घ्यायचा. मराठवाड्याच्या काळ्या-पिवळ्या जीपांत प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ऐकतच एक पिढी तालुक्याला ये-जा करत होती. कॅसेट अडकली तर पेन्सिल घालून फीत गुंडाळायची. ही दुरुस्ती शाळकरी पोरालाही येत असे.

सीडी आली तेव्हा सुई गेली. तिच्या जागी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण आला. तबकडीला न शिटता, न घासता तो १.६ मायक्रॉन अंतरावरच्या वेटोळ्या वाचत जातो. १९८४ मध्ये पायोनियरने मोटारीसाठी पहिला सीडी प्लेअर आणला आणि पुढे काही वर्षांतच सोनीचा दहा तबकड्यांचा ‘डिस्कजॉकी’ आला. त्याचा मुख्य भाग डिक्कीत, चालवायची बटणे समोर, आणि दोघांना जोडणारी जाड वायर गालिच्याखालून. एका सीडीवर ७४ मिनिटे, सहांवर सात तास चोवीस मिनिटे. मधे कुठे थांबून तबकडी बदलायला नको. पाश्चात्त्य देशांत ही श्रीमंतीची खूण ठरली.

आपल्याकडे ती खूण पोचेपर्यंत तिचे कारणच संपले होते. एमपी थ्री या पद्धतीने भरलेल्या एकाच सीडीवर बारा तासांची गाणी मावू लागली. लातूर-नांदेडच्या बसस्थानकांसमोर वीस-तीस रुपयांत दीडशे गाण्यांची तबकडी मिळू लागली. मामांचा चेंजर ती ओळखतच नसे. म्हणजे एका तबकडीवर बारा तास असताना सहा तबकड्यांच्या सात तासांचे अवजड यंत्र मामा डिक्कीत वाहून नेत होते. पुण्याच्या मालकाने गाडी का विकली असेल याचा अंदाज करायला संशोधन लागत नाही.

मिस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मामांचा हात धरला. “ओढू नका, काका. ओढलं की तुटलं.” मग त्यांनी चेंजर डिक्कीतून सोडवला आणि उभा करून त्याच्या दोन्ही बाजूंच्या गोल चकत्या आम्हाला दाखवल्या. यंत्र आडवे बसवायचे की उभे, त्याप्रमाणे त्या चकत्या फिरवायच्या असतात, कारण आतली सगळी कल चार स्प्रिंगांवर आणि तेल भरलेल्या रबरी गाद्यांवर लटकलेली असते. इथे यंत्र उभे बसवले होते आणि चकत्या आडव्याच्या खुणेवर होत्या. ज्या कोणी ते बसवले त्याने चकत्यांकडे पाहिलेच नव्हते. पुण्याच्या गुळगुळीत रस्त्यावर हे खपून गेले. चाकूर ते अहमदपूर आणि पुढे लोह्यापर्यंतच्या त्या वेळच्या रस्त्यावर खपणे शक्य नव्हते. (आज तिथून तुळजापूर-नागपूर महामार्ग जातो. तेव्हाच्या खड्ड्यांविषयी नव्या पिढीला सांगितले तर अतिशयोक्ती वाटते.) मिस्त्रींनी खिशातून रुपयाचे नाणे काढून दोन्ही चकत्या फिरवल्या आणि मग झाकणाचे पेच काढले.

आत मॅगझीन होते. सहा कप्प्यांचा, जाडजूड पुस्तकाएवढा डबा. मॅगझीन हा शब्द मूळ अरबी ‘मखाझिन’वरून, म्हणजे कोठारांवरून आला. साहित्याचे कोठार म्हणून मासिक आणि तबकड्यांचे कोठार म्हणून हा डबा. त्याच्यासमोर एक पाळणा असतो. लेसर, फिरकी आणि छोटी मोटार या पाळण्यावर बसवलेली असतात. तिसरी तबकडी मागितली की पाळणा मळसूत्री दांड्यावरून तिसऱ्या कप्प्याच्या पातळीला जातो, एक बोट कप्प्याला बाहेर ढकलते, तबकडी फिरकीवर चढते. वाजून झाली की हाच क्रम उलटा. पाळणा कुठल्या मजल्यावर आहे हे बारीक पत्र्यांच्या स्विचांवरून यंत्राला कळते. या क्रमाच्या मध्येच काही अडले तर यंत्र मॅगझीनला कुलूप घालते, म्हणजे अर्धी बाहेर असलेली तबकडी मोडू नये. ज्याला आम्ही यंत्राचा हट्ट समजत होतो ती त्याची खबरदारी होती.

आमचा पाळणा पाचव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मधे थांबला होता. सहावी तबकडी अर्धी कप्प्यात, अर्धी बाहेर. मिस्त्रींनी टॉर्च मारला आणि जीभ चावली. “कागद.” तबकडीवर कोणीतरी गोल स्टिकर चिकटवून त्यावर नाव लिहिले होते. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. कप्प्याची फट तेवढ्याच हिशेबाने केलेली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ च्या वर जातो, बंद डिक्कीत त्याहून कितीतरी वर. डिंक सुटतो, कागदाची कड वळते आणि फटीच्या ओठात अडकते. चेंजरसोबतच्या पुस्तिकांत ‘स्टिकर लावलेल्या तबकड्या वापरू नका’ असे छापलेले असे. पण जुन्या गाडीबरोबर पुस्तिका कोण देतो?

ही दुरुस्ती ते कुठे शिकले, असे मी विचारले. हैदराबादला, कोटीच्या बाजारात, एका उस्तादांकडे. मोटारींचे आणि टेपचे पुर्जेही तिथूनच आणतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ त्यांना ऐकून माहीत होती. मला याचे नवल वाटले नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. मग उस्मानाबाद, मग लातूर. कागदावर आमचा जिल्हा दोनदा बदलला, पण पुर्जा आणायची वाट बदलली नाही. पुर्जा, पेच, दुरुस्ती, उस्ताद हे शब्दही त्याच वाटेने आलेल्या फार्सीचे. निजामी राजवटीचा वारसा शोधणारे अभ्यासक देवड्या आणि दप्तरे पाहतात. या कारागिरांच्या टेबलावर कोणी फारसे बसलेले नाही.

मिस्त्रींनी एक्स-रेच्या जुन्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापली आणि कागदाच्या वळलेल्या कडेवर अलगद सरकवली, फटीच्या ओठापर्यंत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मळसूत्री दांड्याचे चाक केसभर उलटे फिरवले. पुन्हा पट्टी, पुन्हा केसभर. मोटारीला वीज न देता अंगठ्यानेच का, असे मी विचारले. मोटारीला काही समजत नाही, अंगठ्याला कुठे अडते ते कळते, एवढेच ते म्हणाले. पाऊण तासाने पाळणा खाली आला, कप्पा आत गेला, आणि मॅगझीन आपोआप दोन बोटे पुढे सरकले. सहाही तबकड्या मामांच्या हातात आल्या.

सहाव्या तबकडीच्या कडेला बोटाच्या पेराएवढा कागद फाटला होता आणि त्याच्याबरोबर चकाकी गेली होती. उजेडाकडे धरली की तेवढ्या जागेतून आरपार दिसे. खालच्या बाजूचा ओरखडा सीडी बराच सोसते. मध्याकडून कडेकडे गेलेला असेल तर अधिकच, कारण फेरीगणिक हरवणारा तुकडा छोटा असतो आणि दुरुस्तीचे गणित तो भरून काढते. परंतु चकाकीचा थर असतो वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली, नेमका स्टिकरला चिकटून. कागद ओढला की थरच निघतो. तो गेला की लेसरला परतून येण्यासारखे काही उरत नाही.

हे भजन मुळात साठ मिनिटांच्या कॅसेटवर होते, १९८८ मध्ये मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेले. मन्मथ स्वामींचे अभंग, मृदंगावर आप्पांचे स्नेही, मधे कुठेतरी बैल हंबरतो. मामांनी ते नांदेडला सीडीवर करून घेतले आणि मूळ कॅसेटवर पुढे घरातल्याच कोणीतरी लग्नाची सनई भरली. सीडी मधून कडेकडे वाजत जाते. साठ मिनिटांनी तबकडीची अगदी बाहेरची पट्टी कोरीच राहते, पण भोक त्याहून आत गेले होते. दुकानातल्या प्लेअरवर आम्ही ती लावली. पंचेचाळीस मिनिटे आप्पा स्वच्छ ऐकू आले. मग आवाज तुटू लागला, अडखळला आणि थांबला.

शेवटची पंधरा मिनिटे म्हणजे निरोपाचे दोन अभंग आणि आरती. मिस्त्री काही बोलले नाहीत. मामा म्हणाले, “आरती तर आपल्याला पाठ हाय.” आणि दुकानातच, प्लेअर बंद न करता, त्यांनी ती म्हणून दाखवली.

पंचेचाळीस मिनिटे त्याच दिवशी दुकानातल्या संगणकावर उतरवली. ती आज घरातल्या चौघांच्या फोनमध्ये आहेत. चेंजर मामांनी मिस्त्रींकडेच ठेवला. त्याचा मळसूत्री दांडा पुढे उदगीरच्या एका गाडीत गेला, लेसर दुसऱ्या एका डेकमध्ये. मामांच्या गाडीत पेन ड्राइव्हचा प्लेअर लागला. गाडी विकली तेव्हा गालिच्याखालची जाड वायर मात्र कोणी काढली नाही. डॅशबोर्डपासून डिक्कीपर्यंत ती तशीच होती.