हार्डडिस्क, एकाहून अधिक (घरगुती संगणकातील)

घरगुती संगणकाच्या एकाच कॅबिनेटमध्ये दोन किंवा अधिक हार्डडिस्क बसवून त्या वापरण्याची व्यवस्था. डिस्क पक्की बसवणे, केबल जोडणे, पार्टिशन पाडणे, फॉरमॅट करणे आणि कोणत्या डिस्कवर काय ठेवायचे ते ठरवणे, हे सगळे तिच्यात येते. पहिली चार कामे तासाभरात उरकतात. पाचव्याचा विचार बहुधा डिस्क उडाल्यावर होतो.

सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह दिसले की संगणकात तीन डिस्क आहेत, हा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या दुकानातून असेंबल करून घेतलेल्या संगणकात दुकानदार एकाच डिस्कचे तीन-चार भाग पाडून देतो. फोटो, गाणी, हिशेब ‘डी’वर ठेवायचे, म्हणजे विंडोज बिघडल्यास फक्त ‘सी’ फॉरमॅट मारून काम भागते. तेवढ्यापुरती ही सोय चांगलीच आहे. पण डिस्कची मोटर बंद पडली तर सी, डी, ई तिन्ही एकदम जातात, कारण भाग नुसते नोंदीतले, यंत्र एकच. दुसऱ्या डिस्कला मात्र स्वतःची मोटर, स्वतःच्या तबकड्या आणि स्वतःचे सर्किट असते.

१९८३ साली आलेल्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची एकच डिस्क होती. घरोघरी दुसरी डिस्क लावणे सोपे झाले ते आयडीई जोडणीमुळे. राखाडी रंगाची, पट्टीसारखी रुंद, ४० पिनांची एक केबल आणि तिच्यावर दोन उपकरणे. मदरबोर्डवर अशा दोन जागा, म्हणजे सीडी ड्राइव्ह धरून एकूण चार उपकरणे. एका केबलवरच्या दोघांपैकी एकाला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह करावे लागे. त्यासाठी डिस्कच्या मागच्या बाजूला, केबल आणि पॉवरच्या सॉकेटांमध्ये पिनांच्या दोन ओळी असत. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा जंपर चिमट्याने काढून योग्य जोडीवर बसवायचा. कोणती जोडी कशासाठी, ते डिस्कवरच्या लेबलवर छापलेले असे. दोघेही मास्टर राहिले तर बायॉसला कधी एकच डिस्क दिसे, कधी एकही नाही. काही डिस्कना ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसह मास्टर’ यांसाठीसुद्धा वेगळ्या जोड्या असत, त्यामुळे इतके दिवस बिनतक्रार चाललेली जुनी डिस्क नवी जोडताच रुसून बसे. शिवाय एका केबलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शके. एकाच केबलवरच्या दोन डिस्कमध्ये कॉपी करायला लागणारा वेळ आठवणारे लोक अजून आहेत.

त्या काळातला सर्वांत छळवादी प्रकार म्हणजे ड्राइव्हची अक्षरे सरकणे. डॉस आणि विंडोज ९८ आधी प्रत्येक डिस्कच्या प्रायमरी पार्टिशनला अक्षर देत आणि मग लॉजिकल भागांकडे वळत. म्हणजे जुन्या डिस्कवर सी, डी, ई असे भाग असताना प्रायमरी पार्टिशन असलेली दुसरी डिस्क जोडली, की ‘डी’ हे अक्षर नवी डिस्क पळवी. जुना डी होई ई, जुना ई होई एफ आणि सीडी ड्राइव्ह त्याच्याही पुढे ढकलला जाई. डेटा जागच्या जागी शाबूत, पण गेम उघडत नाहीत, शॉर्टकट चालत नाहीत. यावर जाणत्यांचा तोडगा असा, की दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी भाग करायचाच नाही, सगळी जागा एक्स्टेंडेडमध्ये टाकायची. मग तिची अक्षरे शेवटी लागत. विंडोज २००० पासून अक्षरे लक्षात ठेवली जाऊ लागली आणि हा त्रास मिटला. लिनक्समध्ये डिस्कचे एसडीए, एसडीबी हे क्रम आजही बदलू शकतात. म्हणून कायमच्या नोंदी यूयूआयडीने, म्हणजे त्या भागाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने करतात.

२००३ पासून साटा डिस्क बाजारात आल्या आणि जंपर गेले. एका केबलला एक डिस्क, डेटाला ७ पिना, पॉवरला १५, केबलची लांबी १ मीटरपर्यंत. वेग सेकंदाला १.५ गिगाबिटपासून पुढे ६ गिगाबिटपर्यंत वाढला. पण फिरती डिस्क स्वतः साधारण १५० ते २५० मेगाबाइटच्या पुढे जात नसल्याने, केबल कोणत्या पिढीची याची चिंता तिच्यापुरती करू नये. तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी एसएसडी मात्र साटावर ५५० मेगाबाइटच्या आसपास अडते. एम.२ खाचेत बसणारी एनव्हीएमई एसएसडी तिच्या कितीतरी पट वेगाने चालते. या खाचेचा एक छुपा हिशेब असतो: अनेक मदरबोर्डवर तिच्यात एसएसडी बसवताच एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. जुनी डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर ती बाद ठरवण्याआधी मदरबोर्डचे माहितीपुस्तक पाहावे आणि केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघावी.

बसवताना ३.५ इंची डिस्कला जाड आट्यांचे आणि २.५ इंचीला बारीक आट्यांचे स्क्रू लागतात. ते अदलाबदल करून आवळले तर आटे जातात. जागा असेल तर दोन डिस्कमध्ये एक कप्पा मोकळा सोडावा आणि पुढचा पंखा त्यांच्यावर येईल असे पाहावे. फिरती डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते, नंतर ५ ते ९ वॉटवर स्थिरावते. चार डिस्क एकदम फिरू लागल्या तर त्यांना वीज पुरवणारा स्वस्तातला एसएमपीएस त्या क्षणाला मान टाकतो आणि संगणक आपोआप बंद-चालू होऊ लागतो. जुन्या चारपिनी पॉवर टोकाचे साटा टोक करणारे ओतीव प्लास्टिकचे कन्व्हर्टर टाळावेत. आतल्या तारा एकमेकींना चिकटून ते जळाल्याची उदाहरणे आहेत.

नवी कोरी डिस्क जोडली तरी विंडोजमध्ये ती लगेच दिसत नाही, आणि इथे बरेच जण दुकानाकडे परत धाव घेतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती आधी इनिशियलाइझ करावी लागते. तिथे एमबीआर की जीपीटी असा प्रश्न येतो. एमबीआर ही जुनी पद्धत सुमारे २.२ टेराबाइटपुढची जागा मोजूच शकत नाही, म्हणून उत्तर जीपीटी. मग पार्टिशन पाडून एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करायचे. २ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये १.८१ दिसते, त्यात फसवणूक नसते, कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत. जुन्या संगणकातून काढलेली डिस्क जोडल्यावर ‘फॉरमॅट करायची आहे का?’ असे विचारले गेले तर हात आखडता घ्यावा. ती लिनक्सची असेल, तर आतला डेटा ठणठणीत असूनही विंडोजला तो वाचता येत नसतो.

विंडोज टाकताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवावी, ही सूचना क्षुल्लक वाटते, पण तिच्यावाचून पुढे मोठा घोळ होतो. नवी एसएसडी घेतली, जुनी डिस्क जोडलेलीच ठेवून एसएसडीवर विंडोज टाकले, तर संगणक सुरू करणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवर आधीपासून असलेल्या लहानशा ईएफआय भागात जाऊन बसण्याची शक्यता असते. काम व्यवस्थित चालते, कोणाला पत्ता लागत नाही. काही महिन्यांनी जुनी डिस्क खडखडू लागते, ती काढून टाकली जाते, आणि धडधाकट एसएसडी असूनही पडद्यावर बूट करण्याजोगे उपकरण नसल्याचा संदेश येतो.

कामाच्या वाटणीची रूढ आणि बहुतेक घरांना पुरेशी रीत साधी आहे: विंडोज आणि प्रोग्रॅम एसएसडीवर, फोटो-व्हिडिओ मोठ्या फिरत्या डिस्कवर. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांचे ठिकाण त्यांच्या प्रॉपर्टीजमधूनच दुसऱ्या डिस्कवर हलवता येते.

अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क भासवणे म्हणजे रेड. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी बर्कली येथून १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही कल्पना मांडली. आयबीएम ३३८० सारख्या महागड्या अवजड डिस्कच्या जागी वैयक्तिक संगणकासाठी बनलेल्या, कॉनर कंपनीच्या १०० मेगाबाइटच्या छोट्या डिस्क मोठ्या संख्येने लावाव्यात, असा त्यांचा युक्तिवाद होता. रेड ० मध्ये माहिती दोन डिस्कवर वाटून लिहिली जाते. जागा आणि वेग दोन्हींची बेरीज होते, पण एक गेली की सगळे गेले. रेड १ मध्ये दोन्हींवर तेच लिहिले जाते, त्यामुळे १ आणि २ टेराबाइटच्या डिस्क जोडल्या तरी हाती १ टेराबाइटच येतो. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात. ४ टेराबाइटच्या चार लावल्या तर १२ वापरता येतात आणि एक गेलेली चालते. गेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावल्यावर उरलेल्या सगळ्या तासन्‌तास सलग वाचल्या जातात, आणि त्याच वयाची दुसरी डिस्क नेमकी तेव्हा दगा देऊ शकते. एसएमआर पद्धतीने, म्हणजे एकमेकींवर अंशतः चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या डिस्कवर हे काम फारच रेंगाळते. नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या सामायिक डिस्कपेटीसाठी, विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (लाल) नावाच्या मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क याच प्रकारच्या असल्याचे वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये मान्य केले, तेव्हा ग्राहक भडकले ते यामुळेच. घरासाठी रेड ० घेण्याचे कारण एसएसडी आल्यापासून उरलेले नाही.

रेड १ ला बॅकअप समजणे ही गल्लत वारंवार होते. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते, रॅन्समवेअर दोन्हीकडे कुलूप घालते, आणि दिवे गेल्या-आल्याचा झटका एसएमपीएसमधून आला तर कॅबिनेटमधली एकही डिस्क सुटेल याची हमी नसते. भारनियमन सोसणाऱ्या भागांत यूपीएस म्हणूनच दुसऱ्या डिस्कच्या आधी घ्यावा. लाखो डिस्क चालवणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी २०१३ पासून बिघाडांची आकडेवारी प्रसिद्ध करत आली आहे. तिच्याकडे वर्षाला साधारण शंभरात एक-दोन डिस्क जातात, मात्र मॉडेलनुसार फरक मोठा पडतो. छायाचित्रकारांमध्ये रूढ झालेला ३-२-१ चा नियम तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत घराबाहेर अशी मागणी करतो. त्यातली दुसरी प्रत कॅबिनेटमधल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवता येईल, तिसरी नाही.

अलीकडच्या बऱ्याच कॅबिनेटांत ३.५ इंची डिस्कसाठी एक-दोनच कप्पे असतात, काहींत तेही नाहीत. लॅपटॉपमध्ये बहुधा एकच एसएसडी. त्यामुळे जास्तीच्या डिस्क आता कॅबिनेटबाहेर, यूएसबीच्या डब्यात किंवा राउटरशेजारच्या नॅसमध्ये बसवल्या जातात. यूएसबीच्या डब्यातून डिस्क काढून कॅबिनेटमध्ये लावताना मात्र ती कधी कधी फिरतच नाही: काही डिस्कमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहावी अशी योजना असते. त्या पिनेवर वीजरोधक कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी चिकटवली की ती चालू होते.