दोन अधिक चिन्हांचा वारसा

प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ज्या चिन्हाने एखादी क्रिया सांगितली जाते, त्याला ऑपरेटर म्हणतात. बेरजेचे अधिक चिन्ह हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय. मात्र या भाषांमध्ये असेही काही ऑपरेटर आढळतात की ज्यांच्यावाचून कोणतेच काम अडत नाही. ‘क’ या नावाखाली साठवलेली संख्या एकाने वाढवायची असेल तर ‘क = क + 1’ एवढे लिहून भागते, आणि तरीही ‘क++’ हे त्याचे आखूड रूप पन्नासहून अधिक वर्षे अनेक भाषांमध्ये टिकून आहे. भाषेच्या सामर्थ्यात भर न घालता केवळ लेखन सुकर करणाऱ्या अशा रचनांना ‘सिंटॅक्टिक शुगर’ म्हणतात, आणि या संज्ञेचे श्रेय ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांना दिले जाते. या सोयीच्या चिन्हांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की ती आपापल्या काळाच्या निकडीतून जन्मली, निकड सरल्यानंतरही त्यांचा भार पुढच्या वाचकांवर राहिला, आणि तो अनुभव गाठीशी आल्यामुळेच नवे चिन्ह स्वीकारण्याची रीत हळूहळू बदलत गेली.

‘++’ आणि ‘--’ या चिन्हांचा उगम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. तेथे 1969च्या सुमारास केन थॉम्प्सन हे पीडीपी-7 या लहान यंत्रावर युनिक्स ही कार्यप्रणाली घडवत होते. या यंत्राच्या स्मृतीत 18 बिटांचे जेमतेम आठ हजार शब्द मावत असल्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅम शक्य तितका आटोपशीर ठेवणे भाग होते. मार्टिन रिचर्ड्‌स यांच्या बीसीपीएल या भाषेची काटछाट करून थॉम्प्सन यांनी ‘बी’ ही भाषा तयार केली, आणि तिच्यातच ही दोन चिन्हे प्रथम आली. चिन्ह नावाच्या आधी लिहिल्यास संख्या आधी वाढते आणि वाढलेले मूल्य वापरले जाते, तर नंतर लिहिल्यास जुने मूल्य वापरून झाल्यावर ती वाढते, असा सूक्ष्म भेदही त्यांनी तेव्हाच ठरवला.

ही चिन्हे पीडीपी-11 या यंत्रातील आपोआप पत्ता वाढवणाऱ्या सोयीवरून सुचली, असा एक समज पुढे रूढ झाला. परंतु ‘बी’ आकाराला येत असताना ते यंत्र अस्तित्वातच नव्हते, हे ‘बी’मधून पुढे ‘सी’ ही भाषा घडवणारे डेनिस रिची यांनी 1993 मध्ये सादर केलेल्या ‘सी’च्या इतिहासात स्पष्ट केले आहे. पीडीपी-7च्या स्मृतीत वापरताच आपोआप एकाने वाढणाऱ्या काही मोजक्या जागा होत्या आणि त्यांवरून कल्पना सुचली असावी, हे रिची मान्य करतात; पण त्यांच्या मते अधिक प्रबळ कारण असे संभवते की ‘++क’ याचे यंत्रभाषेतील भाषांतर ‘क = क + 1’ याच्या भाषांतरापेक्षा लहान होत असल्याचे थॉम्प्सन यांच्या लक्षात आले होते. म्हणजे जी गोष्ट आज लेखनाची सोय म्हणून ओळखली जाते, तिच्या मुळाशी स्मृतीची काटकसरही होती.

दुसऱ्या एका चिन्हाची कथा अधिक बोलकी आहे. एखाद्या संख्येत दुसरी संख्या मिळवून उत्तर पहिल्याच नावाखाली ठेवण्यासाठी अल्गोल 68 या भाषेत एक जोडचिन्ह होते. थॉम्प्सन यांचे सहकारी डग्लस मॅकिलरॉय यांच्यामार्फत ती कल्पना ‘बी’मध्ये आली, पण तेथे तिचे रूप ‘=+’ असे झाले. प्रोग्रॅमचा मजकूर वाचून त्यातील चिन्हे सुटी करणाऱ्या भागाला हा क्रम हाताळणे सोपे जात होते, एवढेच त्याचे कारण. मात्र त्यामुळे ‘क=-1’ असे लिहिले असता ‘क’ला उणे एक हे मूल्य द्यायचे आहे की ‘क’मधून एक वजा करायचा आहे, हे दिसण्यावरून कळेना. ही चूक 1976 मध्ये दुरुस्त झाली आणि आजचे ‘+=’ हे रूप रूढ झाले. ‘सी’चा वापर त्या वेळी अजून मर्यादित असल्यामुळेच हा बदल पचला.

प्रत्येक चुकीच्या वाट्याला अशी दुरुस्ती आली नाही. ‘बी’मध्ये ‘&’ हे एकच चिन्ह बिटांवरील क्रियेसाठी आणि ‘दोन्ही अटी खऱ्या’ या अर्थानेही वापरले जात असे. ‘सी’मध्ये दुसऱ्या अर्थासाठी ‘&&’ हे वेगळे चिन्ह आले, परंतु आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमांचे रूपांतर सोपे जावे म्हणून ‘&’चा अग्रक्रम, म्हणजे कोणती क्रिया आधी करायची याचा नियम, पूर्वीसारखाच ठेवण्यात आला. परिणामी ‘क & ख == ग’ या मजकुरात आजही ‘ख’ आणि ‘ग’ यांची तुलना आधी होते, जी लिहिणाऱ्याला क्वचितच अभिप्रेत असते. ‘सी’च्या 1989च्या अमेरिकी प्रमाणकानेही हा नियम कायम ठेवला; त्याच प्रमाणकानुसार ‘क = क++’ या विधानाचा परिणाम अनिश्चित ठरतो. सी++ या भाषेच्या तर नावातच हे चिन्ह बसले, आणि जावा व जावास्क्रिप्ट या भाषांनीही ते वारशाने घेतले.

या वारशाची जाणीवपूर्वक तपासणी बऱ्याच काळानंतर झाली. 2009 मध्ये जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेने, जिच्या रचनाकारांमध्ये स्वतः थॉम्प्सनही होते, ‘++’ ठेवले, पण ते फक्त नावानंतर आणि फक्त स्वतंत्र विधान म्हणून. त्याचे मूल्य दुसऱ्या मांडणीत गुंतवण्याची मुभा काढून घेतली. ॲपलच्या स्विफ्ट या भाषेने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिचे मूळ रचनाकार क्रिस लॅटनर यांनीच 2015च्या अखेरीस ही चिन्हे काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. ‘+= 1’ लिहिण्याच्या तुलनेत वाचवले जाणारे श्रम नगण्य आहेत, उलट आधी व नंतर हा भेद नवशिक्यांना शिकवावा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. 2016च्या स्विफ्ट 3 या आवृत्तीतून ही चिन्हे गेली. दिलेली सोय परत घेण्याचे असे उदाहरण विरळ आहे, आणि भाषा तरुण असल्यामुळेच ते शक्य झाले.

पायथन या भाषेत ‘++’ कधीच नव्हते. तेथे 2000 सालापासून प्रत्येक महत्त्वाचा बदल ‘पेप’ या लेखी प्रस्तावाच्या रूपाने मांडला जातो आणि त्यावर खुली चर्चा होते. सारणींच्या गुणाकारासाठीचे ‘@’ हे चिन्ह 2015च्या 3.5 या आवृत्तीत याच मार्गाने आले. ‘*’चा अर्थ एका प्रकारच्या सारणीत गणितातील सारणी-गुणाकार, तर दुसऱ्या प्रकारात एकेका घटकाचा गुणाकार असा होत असल्याने वैज्ञानिक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत फूट पडली होती; येथे नव्या चिन्हाने संदिग्धता मिटवली. याउलट, अटीच्या आतच मूल्याला नाव देणाऱ्या ‘:=’ या चिन्हावरून, ज्याला वॉलरस या जलचराच्या डोळ्यांशी व सुळ्यांशी असलेल्या साम्यामुळे त्याचेच नाव मिळाले, तीव्र वाद झाला. प्रस्ताव मंजूर केल्यानंतर जुलै 2018 मध्ये भाषेचे जनक ग्वीदो फान रोसम यांनी अंतिम निर्णयकर्त्याचे पद सोडले. इतका झगडा करूनही आपला निर्णय अनेकांना अप्रिय वाटावा, याचा शीण त्यांनी उघडपणे व्यक्त केला. 2019 मध्ये त्यांच्या जागी पाच सदस्यांचे निर्वाचित मंडळ आले, आणि त्याच वर्षी 3.8 या आवृत्तीत ते चिन्हही दाखल झाले.

थॉम्प्सन यांनी आपल्या यंत्राच्या मर्यादेत एकट्याने ठरवलेले चिन्ह असंख्य लोकांनी स्वीकारले, तर वॉलरस चिन्हाच्या निमित्ताने एका भाषेची शासनव्यवस्थाच बदलली. या अंतराला केवळ लोकशाहीचा विस्तार मानणे पुरेसे नाही. प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो पण अनेकदा वाचला जातो, म्हणून लिहिताना वाचवलेल्या दोन अक्षरांची किंमत अखेर वाचणाराच देतो, ही गोष्ट ‘=+’ आणि ‘&’ यांच्या अनुभवातून शिकावी लागली. नव्या चिन्हाने कोणती संदिग्धता मिटते आणि कोणती नव्याने निर्माण होते, हे स्वीकारण्यापूर्वीच लेखी मांडण्याची प्रथा ही त्या शिकवणीची खरी कमाई आहे. ‘सी’च्या रचनेमागची कारणे रिची यांच्या आठवणींतून जाणून घ्यावी लागतात; ‘@’ आणि ‘:=’ यांच्या बाजूचे व विरोधातले युक्तिवाद मात्र त्यांच्या जन्माबरोबरच नोंदले गेले आहेत, आणि पुढच्या पिढीला ती चिन्हे ठेवायची की टाकायची, हे ठरवण्यासाठी अशी नोंद सर्वांत उपयोगी ठरेल.