चेहऱ्याची जखम आणि श्वासाची वाट



चेहऱ्यावरचा घाव पाहणाऱ्याचे लक्ष तत्काळ वेधून घेतो. परंतु अशा जखमीचा प्राण पुष्कळदा श्वासाची वाट अडल्याने जातो. तुटलेला दात, कवळीचा तुकडा वा हाडाची कपची श्वासाबरोबर आत ओढली जाते. श्वासनलिकेची उजवी शाखा डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक उभी असल्याने असा पदार्थ बहुधा उजवीकडे उतरतो. न दिसणाऱ्या या संकटाकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष कसे वळले, त्याचा हा इतिहास आहे.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि शरीरात रुतलेले धातू व हाड दिसू लागले. १८९७ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्टाव्ह किलियन यांनी कोकेनने घसा बधिर केला आणि तोंडावाटे सरळ नळी घालून एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतील हाड बाहेर काढले. गळा चिरावा लागला नाही. अमेरिकेत शेव्हालिये जॅक्सन यांनी ही विद्या पूर्णत्वास नेली. त्यांनी काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत.

पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांचे चेहरे छिन्नविच्छिन्न झाले. जबडा फुटलेल्या जखमीला उताणे निजवले की जीभ मागे पडे, घशात रक्त साचे आणि तो गुदमरे. त्याला पुढे झुकवून बसवावे किंवा पालथे न्यावे, हा धडा त्या मृत्यूंनी दिला. १९१७ साली इंग्लंडमधील सिडकप येथे हॅरॉल्ड गिलीज यांच्या पुढाकाराने अशा जखमींसाठी रुग्णालय उघडले. शस्त्रक्रिया जिथे करायची, तिथेच भुलीचा मुखवटा आड येई. म्हणून मॅगिल आणि रोबोथम यांनी श्वासनलिकेत रबरी नळी घालून भूल देण्याची पद्धत रूढ केली. ही नळी नेमकी बसवण्यासाठी मॅगिल यांनी १९२० मध्ये एक वाकडा चिमटा प्रसिद्ध केला. घशात अडकलेली वस्तू काढण्यासाठी आजही तोच चिमटा हाती घेतला जातो. पुढे १९६०च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांच्या लवचिक दुर्बिणीने फुप्फुसाच्या बारीक शाखांपर्यंत दृष्टी पोहोचवली.

या साऱ्या प्रवासातून एक साधा नियम उरला आहे: दात मोजा. हरवलेला दात तोंडात वा अपघातस्थळी सापडला नाही, तर छातीचे क्ष-किरण चित्र काढा. कवळीचे प्लॅस्टिक त्या चित्रात बहुधा दिसत नाही. तेव्हा संशय असल्यास दुर्बिणीनेच खात्री करावी लागते. उपकरणे कितीही सुधारली, तरी ही मोजणी कोणीतरी आठवणीने करावीच लागते. आणि त्या मोजणीवर एखाद्याचा श्वास अवलंबून असतो.