खान्देशातील दोन नगरे आणि हरितगृह वायूंच्या घटीचा खर्च

हरितगृह वायू ही संज्ञा खान्देशात नवी असली, तरी सामायिक हिताच्या कामाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न तेथे पुरातन आहे. पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधारा व पाट यांची डागडुजी लाभधारक शेतकरीच करीत. पाटकरी व जागल्या यांचे वेतनही तेच धान्यरूपाने देत. लाभ आणि भार एकाच मंडळीच्या हाती होते. नगरांच्या कारभारात ही सांगड राहिली नाही, आणि वायू-उत्सर्जन घटविण्याच्या प्रयत्नांतील खरी अडचण तीच होय.

धुळ्यास १८६२ मध्ये व जळगावास १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. २००३ साली दोन्ही ठिकाणी महानगरपालिका आल्या. जकात हे नगरांचे हुकमी उत्पन्न. जळगावात १ एप्रिल २०१० पासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून या उत्पन्नाऐवजी शासनाच्या भरपाईकडे डोळे लावणे क्रमप्राप्त झाले. त्यातच घरकुल आदी योजनांसाठी घेतलेल्या हुडकोच्या कर्जाचे ओझे जळगावच्या तिजोरीवर वर्षानुवर्षे राहिले. अशा संस्थेने दूरच्या पिढीच्या लाभाचे काम स्वखर्चाने करावे, अशी अपेक्षा करणे सोपे. पैसा उभा करणे तितके सोपे नव्हे.

त्यामुळे पैसा बाहेरून येतो आणि देणाऱ्याच्या हेतूने येतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात जळगावाचा समावेश झाला, धुळ्याचा झाला नाही. या कार्यक्रमाची कसोटी धूलिकणांची आहे, कार्बनची नव्हे. रस्त्यावरची धूळ आवरली म्हणून वातावरणातील कार्बन घटत नाही. वाहनांचा वा कचरा जाळण्याचा धूर रोखला, तर मात्र दोन्ही हेतू साधतात. निधी कोणत्या कामास लागला, यावर सर्व अवलंबून आहे.

२०१५ मध्ये देशभर आरंभ झालेल्या एलईडी पथदिव्यांच्या योजनेची रचना याहून शहाणपणाची म्हणावी लागेल. आरंभीचा खर्च एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस ही कंपनी करते व नगरसंस्था विजेच्या बचतीतून तो फेडते. येथे लाभ व भार पुन्हा जवळ येतात; मात्र विजेचे बिल वेळेवर भरण्याची शिस्त गृहीत धरलेली असते.

कचऱ्याची गोष्ट निराळी. ओला कचरा ढिगात कुजला की मिथेन निघतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट असते. वीजनिर्मितीवर पालिकेची सत्ता नाही. भुसावळजवळील दीपनगरचे औष्णिक केंद्र तिच्या आज्ञेत नाही. कचरा मात्र सर्वस्वी तिचाच. अनुदानातून यंत्रे येतात. पण वर्गीकरण करणारे हात, इंधन व दुरुस्ती हा खर्च दरवर्षीचा असतो, आणि त्यासाठी घरपट्टीसारखे स्वतःचे उत्पन्नच लागते.

पुण्याने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे विकले. त्या वाटेने जाण्यास पत लागते, आणि वसुलीची थकबाकी मोठी असेल तर पत उभी राहत नाही. जळगाव-धुळ्यातील वायू-घटीचा हिशेब म्हणूनच प्रथम घरपट्टीच्या वहीत मांडावा लागतो.